काजव्याला इंग्रजीत 'फायरफ्लाय' का म्हणतात? ना आग, ना माशी, मग हा शब्द आला कुठून?

मे महिना संपत आला की इन्स्टाग्रामवर एकाच प्रकारच्या रील्स दिसायला लागतात. काळोख्या रानात एखादं झाड लुकलुकतंय, पाठीमागे हळू आवाजातलं गाणं आणि खाली ठिकाणाचं नाव, भंडारदरा. हॅशटॅग बहुतेक वेळा इंग्रजी असतो, 'फायरफ्लाय फेस्टिव्हल'. मराठीत त्यालाच काजवा महोत्सव म्हणतात.

आता हा इंग्रजी शब्द नीट बघा. 'फायर' म्हणजे आग आणि 'फ्लाय' म्हणजे माशी. म्हणजे काजवा झाला 'आगीची माशी'. पण काजव्याच्या उजेडात आग नसते, तो हातावर बसला तर चटका बसत नाही. आणि काजवा माशीही नाही, तो भुंग्यांच्या कुळातला कीटक आहे. दोन शब्दांचं नाव आणि शास्त्राच्या हिशेबाने दोन्ही शब्द चुकीचे!

मग हे नाव पडलं कसं? आपला 'काजवा' हा शब्द कुठून आला? आणि या नावांचा भंडारदऱ्याच्या रानाशी काय संबंध? सविस्तर समजून घेऊया.

भंडारदऱ्यात नेमकं काय दिसतं?

भंडारदरा हे अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात आहे. प्रवरा नदीवरचं विल्सन धरण, आर्थर लेक नावाचा त्याचा जलाशय, रंधा धबधबा, रतनगड आणि महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर असलेलं १,६४६ मीटरचं कळसूबाई हे सगळं याच पट्ट्यात येतं. १९८६ साली जाहीर झालेलं कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यही इथेच आहे.

या परिसरात काजवे दिसण्याचा काळ थोडा असतो. मेच्या अखेरीपासून पाऊस चांगला लागेपर्यंत, म्हणजे साधारण जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत. वळवाचा एखादा पाऊस झाला, हवेत ओल आली की घाटघर, साम्रद, रतनवाडी, मुरशेत, पांजरे अशा गावांच्या आसपास काजवे चमकायला लागतात. हिरडा, बेहडा, जांभूळ, सादडा, उंबर अशा झाडांवर ते हजारोंच्या संख्येने दिसतात.

सोशल मीडियावरच्या फोटोत मात्र यापेक्षा जास्त दिसतं. अख्खं रान सोनेरी ठिपक्यांनी भरलेला फोटो बहुतेक वेळा एका क्लिकचा नसतो. कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवून काढलेले अनेक फोटो एकावर एक ठेवून ते चित्र तयार होतं. डोळ्यांना दिसतं ते वेगळं असतं. ठिपका पेटतो, विझतो आणि पुन्हा पेटतो तेव्हा थोडा पुढे सरकलेला असतो. नाव देणाऱ्यांनी हेच पाहिलं होतं, अंधारात हलणारा उजेड.

'फायरफ्लाय' हा कोणता समास?

दोन शब्द जोडून तयार झालेल्या शब्दाला आपण सामासिक शब्द म्हणतो. शाळेत समास शिकताना 'पुरणपोळी' आणि 'कांदेपोहे' ही उदाहरणं हमखास असायची. पुरणपोळी म्हणजे 'पुरण घालून केलेली पोळी', कांदेपोहे म्हणजे 'कांदे घालून केलेले पोहे'. मधलं 'घालून केलेले' आपण बोलत नाही, ते गृहीत धरतो. याला मध्यमपदलोपी समास म्हणतात.

'फायरफ्लाय'ची घडण अशीच आहे. 'आगीसारखा चमकणारा उडता किडा' यातलं मधलं सगळं गळालं आणि उरलं फक्त 'आग' आणि 'उडता किडा'. इंग्रजीला हा खेळ फार आवडतो. 'बटरफ्लाय', 'ड्रॅगनफ्लाय', 'मेफ्लाय' हे सगळे असेच जोडशब्द आहेत.

हा शब्द आज सलग लिहिला जात असला तरी जुन्या पुस्तकांत तो मध्ये छोटी आडवी रेघ देऊन लिहिलेला सापडतो. इंग्रजीतल्या बऱ्याच जोडशब्दांचा प्रवास असाच झाला आहे. आधी दोन सुटे शब्द, मग मध्ये रेघ, मग एकच शब्द. शब्द रुळला की जोड दिसेनाशी होते.

पण काजवा माशी नाही, मग 'फ्लाय' कशाला?

कारण जुन्या इंग्रजीत 'फ्लाय' म्हणजे फक्त माशी नव्हे. तिथे या शब्दाचं रूप साधारण 'फ्लेओगे' असं होतं आणि त्याचा अर्थ होता पंख असलेला कुठलाही किडा. उडतो म्हणून 'फ्लाय', इतका साधा हिशेब. पुढे हा अर्थ आकसत गेला आणि 'फ्लाय' म्हटलं की घरात घोंघावणारी माशी असं झालं. पण जुना अर्थ 'बटरफ्लाय' आणि 'फायरफ्लाय' यांसारख्या जोडशब्दांत तसाच अडकून राहिला.

इंग्रजीला हसण्याआधी आपली 'मधमाशी' आठवा. शास्त्राच्या भाषेत माशी म्हणजे दोनच पंख असलेला कीटक. या गटाचं नावच 'डिप्टेरा', म्हणजे द्विपंखी. मधमाशीला मात्र चार पंख असतात. ती माशीच्या नाही, मुंग्या आणि गांधीलमाशा यांच्या गटात येते. तरी आपण तिला मध गोळा करणारी 'माशी'च म्हणतो. भाषेने नाव ठेवलं तेव्हा पंख मोजले नव्हते.

पुढे कीटकशास्त्रज्ञांनी यातून एक छान तोडगा काढला. कीटक खरोखर माशीच्या गटातला असेल तर 'फ्लाय' सुटा लिहायचा, जसं 'हाउस फ्लाय' किंवा 'फ्रूट फ्लाय'. तो माशी नसेल तर शब्द जोडून लिहायचा, जसं 'बटरफ्लाय', 'ड्रॅगनफ्लाय', 'फायरफ्लाय'. सर्वसाधारण शब्दकोश हा नियम नेहमी पाळत नाहीत, पण शास्त्रीय लिखाणात तो पाळला जातो. म्हणजे शब्दात मोकळी जागा आहे की नाही यावरून कीटकाचं कूळ कळतं.

काजव्याचं कूळ आहे 'कोलिऑप्टेरा', भुंगेऱ्यांचा गट. हाही जोडशब्द आहे आणि तो ग्रीक आहे. 'कोलिओस' म्हणजे म्यान आणि 'प्टेरॉन' म्हणजे पंख. भुंगेऱ्याचे पुढचे दोन पंख टणक झाकणासारखे असतात आणि उडायचे नाजूक पंख त्याखाली तलवारीसारखे म्यानात राहतात. हे नाव ॲरिस्टॉटलच्या काळापासून चालत आलं आहे. या गटातलं काजव्याचं कुटुंब म्हणजे 'लॅम्पिरिडी'. यात जगभरातल्या २,००० हून जास्त जाती येतात. 'लॅम्पिरिडी'चं मूळ चमकणे या अर्थाच्या ग्रीक धातूत आहे आणि आपण रोज वापरतो तो 'लॅम्प' हा शब्दही त्याच घरातला.

'फायर' आणि 'फ्लाय' दोघांचं संस्कृतशी नातं

इंग्रजी, ग्रीक, लॅटिन, संस्कृत आणि पर्यायाने मराठी या सगळ्या भाषा एका मोठ्या कुटुंबातल्या आहेत, हे तुम्ही ऐकलं असेल. भाषाशास्त्रज्ञ त्याला इंडो-युरोपीय भाषाकुल म्हणतात. या कुटुंबातल्या शब्दांचे आवाज मनाला येईल तसे बदलले नाहीत, ते नियमाने बदलले.

यातला एक प्रसिद्ध नियम १८२२ साली याकोब ग्रिम यांनी मांडला. हिमगौरीची गोष्ट सगळ्या जगाला सांगणाऱ्या ग्रिम बंधूंपैकी थोरले ते हेच. त्यांच्या नियमाचा एक भाग सोपा आहे. संस्कृत, ग्रीक, लॅटिनमध्ये जिथे 'प' आहे, तिथे इंग्रजीत 'फ' सापडतो.

काही उदाहरणं बघा:

- पितृ – फादर
- पाद – फूट
- पंच – फाइव्ह

आता हा नियम आपल्या शब्दाला लावू. 'फायर'चा ग्रीक भाऊ आहे 'पीर', म्हणजे आग. चितेला इंग्रजीत 'पायर' म्हणतात तो शब्द याच ग्रीक मुळातून आला. आणि 'फ्लाय'चं नातं जातं संस्कृतमधल्या 'प्लु' या धातूशी. 'प्लु' म्हणजे तरंगणं, पोहणं, उडी घेणं. 'जलप्लावन' आणि 'आप्लावित' हे शब्द त्यातूनच आले. पंचांगातल्या साठ संवत्सरांमध्ये 'प्लव' नावाचं एक संवत्सर आहे, ते शके १९४३ ला होतं. प्लव म्हणजे तरंगणारी होडी किंवा तराफा.

म्हणजे 'फायर' आणि 'फ्लाय' या दोन्ही शब्दांच्या सुरुवातीचा 'फ' मुळात 'प' होता. पाण्यावर तरंगणारा प्लव आणि हवेत तरंगणारा फ्लाय हे एकमेकांचे लांबचे नातेवाईक आहेत.

हा शब्द पहिल्यांदा कधी वापरला गेला?

इंग्रजीत 'फायरफ्लाय' १६५० च्या दशकापासून सापडतो. म्हणजे इकडे शिवाजी महाराज स्वराज्याचा विस्तार करत होते, तो काळ. इंग्रजी भाषेचं एकूण वय बघता हा शब्द तसा नवाच म्हणायचा.

मग त्याआधी इंग्रज लोक काजव्याला काय म्हणायचे? त्यांच्याकडे दुसरा जोडशब्द होता, 'ग्लोवर्म'. 'ग्लो' म्हणजे मंद चमकणं आणि 'वर्म' म्हणजे अळी किंवा सरपटणारा जीव. हा शब्द चौदाव्या शतकापासून सापडतो. शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट' नाटकातही ग्लोवर्म येतो.

त्यांनी अळी का म्हटलं, याचं उत्तर इंग्लंडच्या निसर्गात आहे. तिथे सापडणाऱ्या काजव्याच्या जातीत मादीला पंखच नसतात. ती गवतात बसून एकसारखी चमकते आणि दिसायला अळीसारखीच असते. नराला पंख असतात, पण तो जवळजवळ चमकत नाही. म्हणजे इंग्लंडच्या माणसाला चमकणारा किडा दिसायचा तो जमिनीवर. हवेत लुकलुकत उडणारे थवे त्याच्या रोजच्या बघण्यात नव्हते.

सोळाव्या-सतराव्या शतकात इंग्रज जहाजं वेस्ट इंडीज, अमेरिका आणि आशियाच्या उष्ण प्रदेशात जायला लागली. तिथे त्यांना चमकणारे आणि उडणारे कीटक दिसले. उडणाऱ्या जिवाला 'वर्म' म्हणणं जमेना, म्हणून 'फ्लाय' जोडलेला नवा शब्द कामाला आला. जुना शब्द बसलेल्या उजेडासाठी राहिला आणि नवा शब्द उडणाऱ्या उजेडासाठी.

ही अळी आणि हा उडता किडा पुढे पुन्हा भेटणार आहेत. तोवर लक्षात ठेवा.

अमेरिकेत आगीऐवजी वीज

अमेरिकेत आणखी एक नाव रूढ झालं, 'लाइटनिंग बग', म्हणजे विजेचा किडा. ते १७७८ पासून सापडतं. आजही तिथे काही भागांत 'फायरफ्लाय' तर काही भागांत 'लाइटनिंग बग' म्हणतात.

या शब्दावर मार्क ट्वेन यांची कोटी प्रसिद्ध आहे. १८८८ च्या एका पत्रात त्यांनी लिहिलं की जवळपास बरोबर शब्द आणि नेमका बरोबर शब्द यांच्यात काजवा आणि वीज यांच्याइतका फरक असतो. इंग्रजीत ही गंमत जास्त खुलते, कारण काजव्याच्या नावातच वीज आहे.

काजव्याला आगीची किंवा विजेची उपमा देण्यात इंग्रज आणि अमेरिकन एकटे नाहीत. आपले शेजारीही तेच करतात. गुजरातीत काजव्याला 'आगियो' म्हणतात, म्हणजे सरळ 'आग'वाला. कन्नडमध्ये तो 'मिंचुहुळ'. मिंचु म्हणजे वीज आणि हुळ म्हणजे किडा, म्हणजे शब्दशः 'लाइटनिंग बग'! तमिळमध्ये तो 'मिन्मिनी', चमकणं दोनदा सांगणारा शब्द. जर्मन लोक मात्र 'ग्ल्यूवुर्मशेन' म्हणतात, चमकणारी छोटी अळी.

एकमेकांशी न बोलता वेगवेगळ्या माणसांनी एकाच किड्याकडे बघून आग, वीज आणि अळी हीच नावं काढली.

मग आपला 'काजवा' कुठून आला?

आज ऐकताना 'काजवा' हा साधा, एकसंध शब्द वाटतो. पण त्याच्या पोटातही एक जोडशब्द दडलेला आहे.

काजव्याला संस्कृतमध्ये 'खद्योत' म्हणतात. 'ख' म्हणजे आकाश. खग म्हणजे आकाशात जाणारा पक्षी आणि खगोल म्हणजे आकाशाचा गोल, यातला 'ख' तोच. 'द्योत' म्हणजे प्रकाश. 'विद्युत' आणि 'द्योतक' या शब्दांत तोच धातू आहे. खद्योत म्हणजे आकाशात चमकणारा. म्हणूनच संस्कृतमध्ये हा शब्द सूर्यासाठीही वापरलेला आढळतो. सूर्य आणि काजवा यांच्यासाठी एकच शब्द!

अमरकोशात खद्योताच्या जोडीला आणखी एक नाव येतं, 'ज्योतिरिंगण'. ज्योती अधिक इंगण, म्हणजे हलणारी ज्योत. भंडारदऱ्याच्या रानात डोळ्यांना जे दिसतं त्याचं हे अगदी अचूक वर्णन आहे.

'काजवा' हा शब्द या 'खद्योत'पासून आला असं मानलं जातं. प्रवास साधारण असा:

- संस्कृत: खद्योत
- प्राकृत: खज्जोअ
- मराठी: काजवा

'द्य'चा 'ज' कसा झाला? हाही नियमाने झालेला बदल आहे. संस्कृत 'द्य' प्राकृतात 'ज्ज' होतो आणि मराठीत येताना एकच 'ज' उरून आधीचा स्वर लांबतो. 'अद्य'चं 'अज्ज' आणि मग 'आज' झालं ते असंच. 'विद्युत'चं 'विज्जु' आणि मग 'वीज' झालं तेही असंच. म्हणजे वीज आणि काजवा हे दोन मराठी शब्द एकाच वाटेने चालत आले आहेत. सुरुवातीचा 'ख' मराठीत 'क' झाला. गुजरातीत 'आगियो'बरोबर 'खजवो' असाही शब्द आहे, त्यात तो 'ख' अजून टिकून आहे. कोकणीतला 'काजुलो' मराठीला जवळचा.

इथे एक शंका हमखास येते. काजवा आणि काजू यांचा काही संबंध आहे का? नाही. काजूचं झाड पोर्तुगीजांनी ब्राझीलहून भारतात आणलं आणि त्याचं नावही तिथल्या तुपी भाषेतून पोर्तुगीजमार्गे आलं. काजळाचाही संबंध नाही, तो शब्द 'कज्जल'पासून आलाय. आवाज सारखा असला म्हणून शब्द नातेवाईक ठरत नाहीत.

मराठीने या शब्दाला स्वतःचा एक वाक्प्रचारही दिला आहे. डोक्याला जोराचा मार बसला की डोळ्यांपुढे काजवे चमकतात. त्याच जागी इंग्रजीत तारे दिसतात. ख म्हणजे आकाश हे आठवलं तर दोन्ही भाषा तशा एकाच दिशेला बघतायत.

उपनिषदापासून कालिदासापर्यंत

खद्योताची आगीशी आणि विजेशी केलेली तुलना आपल्याकडेही फार जुनी आहे.

छांदोग्य उपनिषदात उद्दालक आपला मुलगा श्वेतकेतू याला पंधरा दिवस न जेवता फक्त पाण्यावर राहायला सांगतात. नंतर वेद म्हणायला सांगतात, तर त्याला काही आठवत नाही. तेव्हा ते समजावतात की मोठ्या आगीतला खद्योताएवढा एकच निखारा उरला तर तो फार काही जाळू शकत नाही, पण त्यावर गवत घातलं की तो पुन्हा पेटतो. इथे काजवा हे विझत आलेल्या आगीचं माप आहे.

कालिदासाच्या 'मेघदूता'त यक्ष मेघाला सांगतो की माझ्या घरात डोकावशील तेव्हा विजेचा लखलखाट करू नकोस, काजव्यांच्या रांगेसारखी मंद वीज चमकव. म्हणजे अमेरिकेत 'लाइटनिंग बग' हे नाव पडण्याच्या कितीतरी शतकं आधी भारतात एका कवीने वीज आणि काजवे एका ओळीत आणून ठेवले होते.

आग नाही, मग तो उजेड कसला?

काजव्याच्या पोटाच्या शेवटच्या भागात प्रकाश देणारा अवयव असतो. तिथे 'ल्युसिफेरिन' नावाचं रसायन, 'ल्युसिफरेज' नावाचं विकर, पेशीतली ऊर्जा आणि ऑक्सिजन एकत्र येतात. त्या क्रियेतून हिरवट-पिवळा प्रकाश बाहेर पडतो. उष्णता जवळजवळ नसते, म्हणून याला थंड प्रकाश म्हणतात. जुना पिवळा बल्ब आठवा. त्यात विजेचा बहुतेक भाग उष्णतेत जायचा.

'ल्युसिफेरिन' हे नाव फ्रेंच शास्त्रज्ञ राफाएल द्युब्वा यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दिलं. हा शब्दही जोडशब्दातून आला आहे. लॅटिन 'ल्युसिफर' म्हणजे प्रकाश घेऊन येणारा. रोमन लोक पहाटेच्या शुक्रताऱ्याला हे नाव द्यायचे. सैतानाचं नाव म्हणून आणि वेबसिरीजमुळे आज ते वेगळ्याच कारणाने ओळखीचं आहे, पण काजव्याच्या पोटातला ल्युसिफर मूळ अर्थाचा आहे.

हा सगळा उजेड कशासाठी, तर जोडीदार शोधण्यासाठी. बऱ्याच जातींत नर उडता उडता ठरावीक लयीत चमकतो. पानावर किंवा गवतात बसलेली मादी त्याला तिच्या लयीत उत्तर देते. ज्याला आपण निसर्गाचा लाइट शो म्हणतो, ते खरं तर हजारो जिवांचं एकाच वेळी चाललेलं बोलणं असतं.

नावात जे नाही, ते भंडारदऱ्याच्या मातीत आहे

आता त्या अळीकडे परत येऊ.

'फायरफ्लाय' आणि 'खद्योत' ही दोन्ही नावं काजव्याच्या आयुष्यातला फक्त उडणारा भाग सांगतात. तो भाग फार छोटा असतो. पंख फुटलेला काजवा साधारण दोन-तीन आठवडे जगतो. त्याआधीचे कितीतरी महिने, अनेक जातींत एक वर्ष किंवा त्याहून जास्त, तो अळी म्हणून काढतो. ओलसर मातीत, पालापाचोळ्याखाली राहून गोगलगायी, गांडुळं असं खात तो वाढतो. आणि या अळ्याही चमकतात. म्हणजे 'ग्लोवर्म' हे जुनं नाव काजव्याच्या आयुष्याच्या त्या मोठ्या भागाला नेमकं लागू पडतं.

इंग्रजीने दोन वेगळे जीव समजून दोन शब्द केले, पण अळी आणि उडता किडा हा एकाच काजव्याचा प्रवास आहे. सोशल मीडियावर मात्र त्यातला एकच शब्द पोहोचला. हॅशटॅग 'फायरफ्लाय'चा असतो, 'ग्लोवर्म'चा नसतो. त्यामुळे लोक बघतात झाडाकडे आणि पाय पडतो जमिनीवर.

भंडारदऱ्याला याचा थेट फटका बसू शकतो. काजव्यांच्या दिवसांत, खासकरून शनिवार-रविवारी, इथल्या अरुंद रस्त्यांवर गाड्यांच्या रांगा लागतात. हेडलाइटचा झोत झाडावर पडला की नर आणि मादी यांना एकमेकांचा उजेड दिसत नाही. जोडी जमण्यासाठी हाताशी मोजकेच आठवडे असताना एकेक रात्र महत्त्वाची असते. जवळून व्हिडिओ मिळावा म्हणून रस्ता सोडून झाडाखाली गेलं की खालच्या गवतातल्या माद्या पायाखाली येतात. मादी अंडी घालते ती याच ओलसर मातीत आणि पाचोळ्यात. तिथे गाडी लावली किंवा माणसांची वर्दळ झाली तर माती दाबली जाते आणि पुढच्या वर्षीचे काजवे या वर्षीच कमी होतात.

२०२० साली जगभरातल्या काजवे-अभ्यासकांचं मत घेऊन केलेला एक अभ्यास 'बायोसायन्स' या नियतकालिकात आला. काजव्यांना असलेल्या धोक्यांमध्ये अधिवास नष्ट होणं, रात्रीचा कृत्रिम उजेड आणि कीटकनाशकं ही तीन कारणं त्यात सगळ्यात वर होती.

दुसरी बाजूही आहे. अकोले तालुक्याच्या या आदिवासी भागात काजव्यांचे दिवस म्हणजे कमाईचे दिवस. तंबू, जेवण, वाटाड्या, पार्किंग यातून गावातल्या घरांना पावसाळ्याच्या तोंडावर पैसा मिळतो. काजवे कमी झाले तर तोटा फक्त निसर्गाचा होत नाही, या घरांचाही होतो. त्यामुळे प्रश्न लोकांनी जावं की नाही इतका सरळ नाही. तिथे जाऊन कसं वागावं, हा आहे.

बघायला जाणार असाल तर

- गावातला वाटाड्या सोबत घ्या. कुठून बघायचं आणि कुठे पाय ठेवायचा नाही हे त्याला माहीत असतं.
- गाडी ठरवून दिलेल्या जागीच लावा आणि हेडलाइट, इंडिकेटर बंद करा.
- टॉर्च लागलीच तर जमिनीकडे धरा. लाल कागद लावलेली मंद टॉर्च त्यातल्या त्यात बरी.
- मोबाइलचा फ्लॅश बंद ठेवा. फ्लॅशमध्ये काजवा दिसतच नाही, फक्त झाड दिसतं.
- काजवे पकडून बाटलीत भरू नका. ही माशी नाही आणि हा कंदीलही नाही.
- वनविभाग हंगामात वेळा आणि नियम जाहीर करतो. निघण्याआधी ते तपासून घ्या.

आणि काही वेळ मोबाइल खिशात ठेवून नुसतं बघा. आधी काही दिसत नाही. पाच-दहा मिनिटांनी डोळे अंधाराला सरावतात. मग एक ठिपका दिसतो, तो विझतो आणि थोडा पुढे सरकून पुन्हा पेटतो. कुणाला ती आग वाटली, कुणाला वीज, कुणाला आकाशातला उजेड.

पुढच्या वेळी पोस्ट टाकताना हॅशटॅगमध्ये 'काजवा' लिहा किंवा 'फायरफ्लाय', दोन्ही बरोबर आहेत. तेवढं पायाखालच्या 'ग्लोवर्म'ला मात्र विसरू नका. पुढच्या जूनमध्ये झाडावर चमकायला तोच येणार आहे.